गुडघा, सीताफळ आणि माझा अंगठा

संपादकांनी फोनवर 'तुमच्या व्यवसायातला एखादा थरारक अनुभव' मागितला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुमचा फोन चुकीच्या मजल्यावर लागलाय. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हृदयाचे डॉक्टर बसायचे. थरार त्यांच्याकडे. मी दुसऱ्या मजल्यावर, संधिवाताचा डॉक्टर. आमच्याकडे पेशंट येतो, आम्ही गोळी लिहून देतो आणि म्हणतो, सहा आठवड्यांनी या. सहा आठवडे काहीही घडत नाही. मग तो येतो आणि म्हणतो, "तसं बरं आहे, पण तसं बरं नाही." या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. अजून लागलेला नाही.

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. गुडघ्याच्या डॉक्टरने दुसऱ्या मजल्यावर बसावं यात काही जणांना विनोद दिसायचा, काही जणांना क्रौर्य. माझ्या स्वागतकक्षात बसणाऱ्या लेलेबाईंना मात्र त्यात सोय दिसायची. जिन्यातल्या पावलांवरून त्या आधीच सांगायच्या, "डावा येतोय." बहुतेक वेळा डावाच असायचा. कुठलंही मशीन आणण्यापूर्वी आमच्याकडे ही एवढी यंत्रणा होती: लेलेबाईंचे कान आणि माझे हात.

हातांबद्दल थोडं सांगायला हवं. गुडघ्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. निरोगी माणसात ते असून नसल्यासारखं. ते बिघडलं की सुजतं, पाणी सोडतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि हळूहळू ते शेजारच्या कूर्चेला, म्हणजे हाडांवरच्या मऊ गादीला, खायला लागतं. हा दाह. याला औषध आहे. दुसरा प्रकार झिजेचा. त्यात कूर्चाच घासून गेलेली असते. तिच्यावर उपाय म्हणजे व्यायाम, काठी आणि शेवटी शस्त्रक्रिया करून गुडघाच बदलणं. दुखतं दोन्हींत. पेशंटच्या लेखी दोन्हींचं नाव एकच, 'गुडघा धरलाय.' यातलं कुठलं कुठलं, एवढं सांगण्यापुरता संधिवाताचा डॉक्टर असतो.

ते ओळखायला आमच्या सरांनी मला बोटं शिकवली. गुडघ्याच्या वाटीच्या वरचा भाग एका हाताने घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वाटी खाली ढकलायची. आत पाणी असलं तर वाटी टक् करून हाडावर आपटते. "दाबल्याशिवाय गुडघा बोलत नाही," सर म्हणायचे. मी इतक्या निष्ठेने दाबत आलो, की माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर बाहेरच्या बाजूला झुकलंय.

विमलबाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा लेलेबाई म्हणाल्या, "उजवा. आणि रागावलेला." विमलबाई मंडईत फळं विकायच्या. राहायच्या धायरीला. सासरची जमीन तिथली. त्यातला एक तुकडा बिल्डरला देऊन झाला होता आणि मुलाची, दत्ताची, टाइल्सची दोन दुकानं होती. आईने आता मंडईत बसू नये, असं त्याचं म्हणणं. विमलबाईंचं म्हणणं असं, की सासूच्या मागून मिळालेला ओटा आहे, तो मी बसते म्हणून माझा आहे. ओट्यावर मांडी घालून, चारी बाजूंनी फळांच्या पाट्या लावून, सकाळी सातपासून बसायचं. मांडी हेच त्यांचं दुकान. आणि आता उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता.

मी माझ्या पद्धतीने वाटी दाबली.

"आवं डॉक्टर," त्या कळवळून म्हणाल्या, "असं माझं सीताफळ दाबलं असतं तर हात धरला असता तुमचा."

"मग सीताफळ कसं बघतात?"

"दाबायचं न्हाई. नुसतं तळहातावर घ्यायचं. त्येचे डोळे उघडले का बघायचे. दाबून बघनारा गिऱ्हाईक आतलं बिघडवून जातो, आन वर म्हनतो, नासकं हाय."

मी हसलो. पाणी होतं, ऊब होती, दाह होता. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. त्या गोळीने विमलबाईंना दुसऱ्या दिवशी मळमळायचं, पण सहा महिन्यांत गुडघा ओसरला आणि त्या पुन्हा मांडी घालायला लागल्या. "तसं बरं हाय," त्या म्हणाल्या. पुढचं अर्धं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. माझ्या व्यवसायात याहून मोठं यश नसतं.

त्यानंतर तीनेक वर्षांनी मी सोनोग्राफीचं मशीन घेतलं. परदेशात संधिवाताचे डॉक्टर सांधे स्वतःच सोनोग्राफीवर बघायला लागले होते. साबणाच्या वडीएवढा प्रोब गुडघ्यावर टेकवायचा, की पडद्यावर हाड पांढऱ्या रेघेसारखं आणि पाणी काळं दिसतं. एक बटण दाबलं, की सुजलेल्या अस्तरातला रक्तप्रवाह लाल ठिपक्यांनी लुकलुकतो. थोडक्यात, दाह चालू आहे का विझलाय, ते डोळ्यांनी दिसतं. निदान तसं मला वाटलं होतं.

मशीन येण्याआधी कायदा आला. सोनोग्राफीने गर्भाचं लिंग बघू नये म्हणून आपल्याकडे कडक कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पण तो गुडघा आणि गर्भाशय यांत भेद करत नाही. मशीनची नोंदणी, खोलीची नोंदणी, मशीन या खोलीतून त्या खोलीत हलवायचं तरी पत्र. स्वागतकक्षात मोठा फलक: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' त्याखाली सत्तरीच्या आज्या गुडघे चोळत बसायच्या. तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "महिन्याला गरोदर स्त्रिया किती?"

"एकही नाही. मी गुडघे बघतो."

"मग शून्य लिहा. पण दर महिन्याला लिहा."

मी निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला शून्य कळवत आलो. माझ्या सगळ्या कागदपत्रांत शंभर टक्के खात्रीचं असं विधान तेवढंच.

उद्घाटनाला सरांनाच बोलावलं. मला हे प्रकार आवडत नाहीत, पण कंपनीने फुलं, रिबन आणि एक निवेदिकासुद्धा पाठवली होती. गुडघ्यासाठी निवेदिका मी प्रथमच पाहिली. सरांनी रिबन कापली, 'तंत्रज्ञान आणि मानवी स्पर्श' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं आणि कंपनीच्या प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या बाईंनी कोणाचा तरी गुडघा मागितला, तेव्हा उत्साहाने स्वतःची पँट वर केली. बाईंनी अर्धी बाटली जेल ओतलं. जेल म्हणजे प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये लावायचा चिकट पदार्थ. हवा राहिली तर चित्र येत नाही. लेलेबाई माझ्याकडे आणि मी बाटलीकडे बघत होतो. बाईंनी जेलच्या त्या डोंगरावर प्रोब नुसता तरंगता ठेवला आणि सरांचा गुडघा लाल ठिपक्यांनी उजळून निघाला. टाळ्या पडल्या.

"सर, तुमचा गुडघा दुखतो का?" मी हळूच विचारलं.

"छे! रोज पर्वती चढतो मी."

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. गुडघा दुखत होता. आठवड्याने त्यांनी काठी घेतली. पर्वती बंद झाली ती झालीच. बहात्तर वर्षं बिनबोभाट चाललेला गुडघा दिसला म्हणून दुखायला लागला, का दुखायच्या बेतातच होता आणि आम्हाला आधी दिसला? मी सरांना औषध द्यायला हवं होतं का? द्यायचं तर कशाचं, गुडघ्याचं का चित्राचं? पुस्तकं याबद्दल सावधपणे दोन्ही बाजूंनी लिहितात. मी गोंधळलो तो तेव्हापासून.

पण मशीन सुंदर होतं आणि माणूस सुंदर गोष्टींवर लवकर विश्वास टाकतो, मीसुद्धा. लेलेबाईंना मी पहिली सूचना दिली ती जेल जपून वापरण्याची. सदाशिव पेठेत अर्धी बाटली ओतणं हा संस्कृतीचा प्रश्न आहे. करंगळीच्या नखाएवढं जेल, ते पसरायला प्रोब नीट दाबायचा आणि काम भागवायचं. चित्र येत होतं. अंगठा खूश होता.

मशीन आल्याच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात विमलबाई आल्या. उजव्या गुडघ्याची थोडी कुरबुर होती. त्यांना खरं म्हणजे ती गोळी सोडायची होती. "मळमळतं, डॉक्टर. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी ओट्यावर नीट ध्यान र्‍हात न्हाई. गिऱ्हाईक दाबून जातं." रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ होते. गुडघ्यावर तळहात ठेवला तेव्हा तो मला किंचित, अगदी किंचित कोमट लागला. पूर्वी मी एवढ्यावर गोळी चालू ठेवली असती. पण आता माझ्याकडे मशीन होतं.

मी प्रोब टेकवला.

"आज तर जास्तीच दाबताय," विमलबाई म्हणाल्या.

"विमलबाई, ओटा तुमचा आहे. मशीन माझं आहे."

पडद्यावर पाणी नव्हतं. बटण दाबलं. लाल ठिपका एकही नाही. मी आणखी नीट बघावं म्हणून आणखी नीट दाबलं. काहीच नाही. कूर्चा थोडी पातळ दिसत होती.

"दाह गेलाय," मी म्हणालो. "राहिली ती वयाची झीज. गोळी बंद."

त्यांना इतका आनंद झाला, की मलाही झाला. फाइलवर मी माझ्या हाताने लिहिलं, 'दाह नाही. झीज.' चित्राची छापील प्रत जोडली. चित्र जोडलेलं असलं, की अक्षरालाही वजन येतं.

त्यानंतर विमलबाई माझ्याकडे आल्या नाहीत. न येण्याचा अर्थ आम्ही डॉक्टर नेहमी एकच लावतो: बऱ्या असतील.

मध्ये दीडेक वर्ष गेलं. पुण्यातच एका हॉटेलात सांध्यांच्या सोनोग्राफीची दोन दिवसांची कार्यशाळा होती. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मग दुसरं दीपप्रज्वलन, कारण पहिल्या वेळी फोटो नीट आला नव्हता. शिकवणारी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, नागपूरची. गुडघा दाखवायला ज्यांना सांगून ठेवलं होतं ते आलेच नाहीत, म्हणून मी माझा देऊ केला. तिच्या सूचनेवरून प्रोबही मीच धरला. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही गुडघा बघत नाही आहात. पिळताय."

तिने बाटली घेतली, जेलचा डोंगर केला, प्रोब त्यावर तरंगता ठेवला. माझ्या गुडघ्यात दोन-तीन लाल ठिपके लुकलुकले. मग तिने जरासा जोर दिला. ठिपके गेले. हात सैल केला. आले.

"नव्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, सर. दाबलं की मिटतात. पाणी असेल तर ते बाजूला पळतं. जोराने दाबलं, तर पेटलेला गुडघासुद्धा विझलेला दिसतो."

"आणि दाबलं होतं की नव्हतं, हे नंतर चित्रावरून कळतं?"

"कळतं ना. वर जेलचा काळा पट्टा दिसला पाहिजे. पट्टा नसेल तर समजायचं, दाबलंय." मग जरा संकोचून म्हणाली, "सर, तुम्हाला थोडं आहे हं. दुखतं का?"

"नाही," मी म्हणालो. त्या संध्याकाळपासून दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशीच्या समारोपाला मी थांबलो नाही. दवाखान्यात गेलो आणि लेलेबाईंना विमलबाईंची फाइल काढायला सांगितली. चित्र होतं. वरच्या कडेला कातडी, लगेच कातडीच. पट्टा नव्हता. केसाएवढाही नव्हता.

मी दत्ताला फोन लावला.

"आईचं ऑपरेशन झालं की, सर. चार महिने झाले. उजवा गुडघा बदलला. पार सुजला होता हो. तुमचीच फाइल दाखवली आम्ही तिकडं. तुम्हीच लिहिलंय ना, झीज म्हणून."

"आता मांडी?"

"मांडी कुठली! डॉक्टर म्हणले, खाली बसायचं नाही. झालं ते बरंच झालं, एवीतेवी मंडई सुटली तिची. ओटा देऊन टाकायचं चाललंय."

शस्त्रक्रिया करणारे सर्जन माझ्या ओळखीचे. त्यांना विचारलं, उघडल्यावर अस्तर कसं होतं? "कूर्चा गेलीच होती हो," ते म्हणाले. "अस्तर? लाल होतं बहुतेक. पण उघडल्यावर सगळे गुडघे लालच दिसतात."

म्हणजे मला काय कळलं? कूर्चा दाहाने खाल्ली असेल, तर ती मी बंद केलेल्या गोळीमुळे. आपोआप झिजली असेल, तर माझी चूक निरुपद्रवी होती. तळहात बरोबर होता, अंगठा चूक होता, मशीन निर्दोष होतं आणि लिहिणारा मी होतो. हा हिशोब मी रोज वेगवेगळ्या बाजूंनी मांडायचो. उत्तर रोज वेगळं यायचं. लेलेबाईंना मात्र एवढंच सांगितलं, की यापुढे जेल हवं तेवढं वापरायचं. बाटल्यांचं कपाट त्यांनी पुढे आणून ठेवलं.

दिवाळीनंतर एका सकाळी जिन्यात पावलं वाजली. लेलेबाईंनी बराच वेळ कान दिला. "उजवा अनोळखी आहे," त्या म्हणाल्या. "डावा रागावलाय."

विमलबाई होत्या. बरोबर दत्ता. त्याच्या मते हा डावाही बदलून टाकायला हवा होता, म्हणजे एकदाचं मिटलं असतं. विमलबाईंनी त्याला बाहेर फलकाखाली बसवलं आणि टेबलावर आडव्या झाल्या.

मी जेल ओतलं. डोंगर केला. प्रोब तरंगता ठेवला. इतकी वर्षं जोर लावलेल्या हाताला जोर न लावणं फार अवघड जातं. बटण दाबलं. पडदा लाल ठिपक्यांनी भरून गेला.

विमलबाई मान वळवून बघत होत्या. "ह्ये काय?"

"दाह. याला औषध आहे. हा गुडघा वाचेल असं वाटतंय."

त्यांनी नव्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "ह्यात हाय," त्या म्हणाल्या, "मग त्यात न्हवतं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं.

"असणार. त्या वेळी मी जोरात दाबलं होतं. दाबलं की हे दिसत नाही. मला माहीत नव्हतं. तुमची गोळी बंद केली ती बहुतेक चूक झाली."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे नक्की मलाही सांगता येत नाही."

"येवढं मशीन घिऊन?"

"एवढं मशीन घेऊन."

"मी म्हनले व्हते तवाच."

"म्हणाला होतात."

मला वाटलं त्या रडतील, किंवा दत्ताला हाक मारतील. दोन्हींना मी तयार होतो. त्यांनी पदराने गुडघ्यावरचं जेल पुसलं, पुरलं नाही, दुसऱ्या टोकानं पुसलं आणि विचारलं, "आता ह्यो डावा वाचला, तर एका पायाची मांडी घालता येती का, डॉक्टर?"

मला पुष्कळ प्रश्न विचारले गेलेत. दही चालेल का, हवापालट करू का, हे शनीमुळे आहे का. हा कोणी विचारला नव्हता. मी पुस्तकात बघितलंही असतं, पण कुठल्या पुस्तकात?

"घालून बघा," मी म्हणालो. "उजवा मांडीत दुमडू नका. खाली बसू नका. बाकी घालून बघा."

पुन्हा गोळी लिहिली. मळमळ कमी व्हावी म्हणून या वेळी सोबत दुसरीही लिहिली, जी पहिल्याच वेळी द्यायला कोणी हरकत घेतली नव्हती. दत्ता आत आला तेव्हा विमलबाई म्हणाल्या, "ओटा द्यायचा न्हाई. डॉक्टर म्हनले, घालून बघा."

पुढच्या वर्षी, सीताफळांच्या दिवसांत, मी मंडईत गेलो. काही घ्यायचं नव्हतं. विमलबाई ओट्यावर होत्या. खाली नाही. एका उंच लाकडी खोक्यावर गोधडी टाकली होती, त्यावर डाव्या पायाची मांडी घालून त्या बसल्या होत्या आणि उजवा पाय पाट्यांच्या मधून सरळ पुढे, रस्त्याकडे आलेला. गिऱ्हाइकांना त्या पायाला वळसा घालून जावं लागत होतं.

"पायाला धक्का नगं, ताई. नवा हाय." मग मला बघून, "या डॉक्टर. तसं बरं हाय."

मी वाट बघितली. पुढचं अर्धं वाक्य आलं नाही. त्यांनी पुढच्या पायाकडे एकदा बघितलं तेवढंच.

मी पाटीतलं एक सीताफळ उचललं. अंगठा आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला. त्यांनी ते पाहिलं. स्वतः दोन फळं निवडली, एकेक तळहातावर तोलून, डोळे बघून, आणि माझ्या पिशवीत अलगद ठेवली.

"दोनी उद्या संध्याकाळी खायची. आज न्हाई, परवा न्हाई. उद्या."

मी सांगितल्याप्रमाणे थांबलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही फोडली. एक लोण्यासारखं होतं. दुसरं आतून कच्चं, दगड.

ते कच्चं सीताफळ मी हातात घेतलं. तळहातसुद्धा चुकतो तर. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. विमलबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.